कुत्र्याच्या मानेतली डिस्क : व्हेंट्रल स्लॉट शस्त्रक्रिया, निदानापासून घरच्या शुश्रूषेपर्यंत

मानेतली डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, फुटलेला कुत्रा बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात येतो. पाठीची डिस्क फुटून मागचे पाय गेले की घरचे त्याच रात्री धावपळ करतात. मानेचा कुत्रा मात्र चालतोय म्हणून आठवडेच्या आठवडे गोळ्यांवर कण्हत राहतो. याचं कारण शरीररचनेत आहे. मानेच्या मणक्यांतली नळी मज्जारज्जूच्या मानाने ऐसपैस असते, त्यामुळे डिस्कचा मोठा तुकडा आत आला तरी रज्जूला सरकायला जागा मिळते आणि पाय चालू राहतात. दबलेली मज्जामुळं (रज्जूतून निघणाऱ्या मज्जातंतूंची मुळं) आणि रज्जूवरची आवरणं मात्र भयंकर दुखतात. म्हणून मानेच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे : न थांबणारं दुखणं हेच शस्त्रक्रियेचं पुरेसं कारण आहे, लुळेपणाची वाट पाहू नये.

ही शस्त्रक्रिया म्हणजे व्हेंट्रल स्लॉट : गळ्याच्या बाजूने मणक्यांत खाच कोरून नळीत आलेला डिस्कचा तुकडा काढणं. हा लेख कुत्र्याच्या घरच्या माणसांसाठी आहे, तसाच ही शस्त्रक्रिया शिकणाऱ्या किंवा तिथे मदतनीस म्हणून उभ्या राहणाऱ्या पशुवैद्यांसाठीही आहे. औषधांची प्रमाणं डॉक्टरांसाठी दिली आहेत. घरी ती स्वतःहून देऊ नका.

डिस्कमध्ये नेमकं काय होतं

कुत्र्याच्या मानेत ७ मणके असतात. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये डिस्क नसते, त्यामुळे मानेतली पहिली डिस्क म्हणजे सी २-३, दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यामधली (सी म्हणजे मान). लहान जातींत सगळ्यात जास्त फुटते तीही हीच. मोठ्या जातींत त्रास खालच्या टोकाला, सी ५-६ आणि सी ६-७ला जास्त दिसतो.

डिस्कच्या मधोमध मऊ गर असतो आणि त्याभोवती तंतुमय कडं. हे कडं गळ्याकडच्या बाजूला जाड आणि पाठीकडच्या, म्हणजे मज्जारज्जूच्या बाजूला पातळ असतं. गर बाहेर पडतो तो नेमका नको तिथे, याचं कारण हेच. डॅशहुंड, बीगल, शिह त्झू, पेकिंगीज, कॉकर स्पॅनियल, फ्रेंच बुलडॉग या जातींत गर फार लहान वयातच सुकायला लागतो आणि त्यात कॅल्शियम साचतं. या प्रवृत्तीमागे १२व्या गुणसूत्रावरची एफजीएफ-४ जनुकाची जादा प्रत असल्याचं २०१७मध्ये स्पष्ट झालं. हॅन्सन यांनी १९५२मध्ये केलेली विभागणी आजही वापरात आहे. पहिल्या प्रकारात कडं फाटून सुकलेला गर एकदम नळीत येतो. दुसऱ्यात कडंच जाड होऊन हळूहळू आत फुगतं, आणि हे मोठ्या जातींच्या उतारवयातल्या कुत्र्यांत घडतं.

आणखी एक प्रकार एमआरआयमुळे नीट ओळखता येऊ लागला. यात गर सुकलेला नसतो, पाणीदार असतो आणि अचानक नळीत येतो. असा कुत्रा काही तासांत चारही पायांनी कमजोर होतो, पण दुखणं फारसं नसतं. हा पाणीदार गर पुष्कळदा आपोआप विरतो, त्यामुळे अशा कुत्र्यांतले बरेच विना शस्त्रक्रिया सुधारतात. चित्र नीट न वाचता सगळ्यांना एकाच यादीत बसवलं, तर नको तो कुत्रा टेबलावर जातो.

दुखणं कुठून येतंय ते शोधणं

मान ताठ, डोकं खाली, कान मागे, पाठीला किंचित कमान. कुत्रा वाटीपर्यंत जातो, पण तोंड खाली घालत नाही. वाटी उचलून तोंडासमोर धरली की खातो. उचलताना किंवा झोपेतून कूस बदलताना अचानक किंचाळतो. कमान आणि ताठ पोट पाहून पोटदुखीचे उपचार झालेले, कानाजवळ हात लावला की ओरडतो म्हणून कानात थेंब घातलेले, असे कुत्रे आमच्याकडे नेहमी येतात.

तपासताना मान जबरदस्तीने वाकवू नये. बिस्किट नाकासमोर धरावं आणि हळूहळू बरगडीकडे न्यावं. निरोगी कुत्रा मान वळवतो. मानेचा कुत्रा फक्त डोळे वळवतो, किंवा मान सरळ ठेवून सगळं अंग फिरवतो. मग दोन्ही बाजूंचे मानेचे स्नायू बोटांनी हलके दाबत खाली यावं. दुखऱ्या जागी स्नायू थरथरतो आणि ती थरथर हाताला स्पष्ट कळते. एक पुढचा पाय उचलून धरणं किंवा लंगडणं, आणि पायात मात्र काहीच न सापडणं, हे मज्जामूळ दबल्याचं लक्षण आहे. अशा कुत्र्याच्या खांद्या-कोपराचे एक्स-रे काढण्यातच पंधरवडा निघून जातो.

त्यानंतर पंजा उलटा टेकवून तो किती वेळात सरळ करतो ते चारही पायांवर पाहावं, आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासाव्यात. चारही पायांत प्रतिक्षेप शाबूत किंवा वाढलेले असतील, तर दुखापत सी १ ते सी ५ या भागात. पुढच्या पायांत कमी आणि मागच्या पायांत वाढलेले असतील, तर सी ६ ते टी २ या भागात (टी म्हणजे छातीचा भाग).

सारखे दिसणारे इतर आजार बाजूला काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. वर्ष-दीड वर्षाच्या आतला बीगल किंवा बॉक्सर, मान ताठ आणि अंगात ताप असेल, तर आधी स्टिरॉइडला प्रतिसाद देणारा मेंदूआवरणाचा दाह डोक्यात यावा आणि मणक्यातलं पाणी तपासावं. अगदी लहान (टॉय) जातीच्या तरुण कुत्र्यात पहिला-दुसरा मणका सैल असू शकतो. त्याची मान वाकवून पाहणं जीवघेणं ठरू शकतं. डिस्कच्या जागी जंतुसंसर्ग आणि गाठ हेही यादीत ठेवावेत. चारही पाय एकाएकी गेले, एक बाजू जास्त कमजोर आणि दुखणं नाही, तर मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत तंतुकूर्चेचा कण अडकलेला असू शकतो. तिथे शस्त्रक्रियेचा उपयोग नाही.

साध्या एक्स-रेत डिस्कची जागा अरुंद दिसली किंवा कॅल्शियम दिसलं, म्हणजे तीच डिस्क दोषी असं होत नाही. डॅशहुंडच्या पाच डिस्कांत कॅल्शियम दिसेल आणि दुखणारी सहावी असेल. एमआरआय सर्वांत उत्तम. सुकलेल्या गराच्या जातींत सीटी स्कॅनही चांगलं काम देतं. दोन्ही नसतील तर मायलोग्राम, म्हणजे रज्जूभोवती एक्स-रेत दिसणारं औषध सोडून काढलेला एक्स-रे : डोक्यामागच्या जागेतून आयोहेक्झॉल हे औषध किलोला सुमारे ०.३ मिली, आणि नंतर शुद्धीवर येईपर्यंत डोकं उंच, कारण औषध मेंदूकडे गेलं तर झटके येतात. शक्य असेल तिथे तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच भुलीत उरकावी.

प्राण्यांसाठीचा एमआरआय प्रत्येक जिल्ह्यात नाही, त्यामुळे पुष्कळांना मोठ्या शहरापर्यंत लांबचा प्रवास करावा लागतो. प्रवासात गळपट्टा पूर्ण काढून टाका. कुत्र्याला मांडीवर घेऊ नका. सपाट तळाच्या पिंजऱ्यात, दोन्ही बाजूंना गुंडाळलेली चादर लावून झोपवा. लुळा असेल तर फळीवर आडवा ठेवा आणि छातीवरून व कमरेवरून सैल पट्टा घ्या, मानेवरून नाही. निघण्याआधी डॉक्टरांकडून वेदनाशामक देऊन घ्या आणि श्वासावर लक्ष ठेवा.

औषधांवर किती दिवस थांबायचं

पहिल्यांदाच दुखतंय आणि पाय पूर्ण शाबूत आहेत, अशा कुत्र्याला औषधं आणि विश्रांतीची संधी जरूर द्यावी. विश्रांती म्हणजे ४ आठवडे पिंजऱ्यात, फक्त शी-शूसाठी हार्नेसवर बाहेर. सूज उतरवणारं एक औषध, गॅबापेंटिन किलोला १० मिलिग्रॅम दर ८ तासांनी आणि गरज पडल्यास स्नायू सैल करणारं औषध, एवढं सहसा पुरतं. सूज उतरवणारी वेदनाशामकं आणि स्टिरॉइड कधीही एकत्र देऊ नयेत. जठर-आतड्याला भोक पडून कुत्रे दगावतात. माणसांसाठीची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी तर घरातून अजिबात देऊ नये.

अशा उपचारांनी साधारण निम्मे कुत्रे बरे होतात आणि सुमारे एकतृतीयांश कुत्र्यांत दुखणं पुन्हा उलटतं. एक चूक आम्हाला फार खटकते : औषधाने दुखणं कमी झालं की कुत्र्याला मोकळं सोडणं. दुखणं थांबलं म्हणजे कडं भरून आलं असं नाही. त्या अवस्थेत दिवाणावर मारलेल्या एका उडीने उरलेला गर नळीत येऊ शकतो.

एक-दोन आठवडे नीट औषधं देऊनही दुखणं हटत नसेल, दुखणं परत परत येत असेल, किंवा पंजा घासणं, अडखळणं, उभं न राहता येणं यांपैकी काहीही सुरू झालं असेल, तर शस्त्रक्रिया. उभं राहता येत नसेल तर त्याच दिवशी.

शस्त्रक्रियेआधीची तयारी

रक्ताच्या तपासण्यांत प्लेटलेट्सकडे आमचं सर्वांत जास्त लक्ष असतं. आपल्याकडे गोचिडीचा ताप सर्रास आढळतो आणि एर्लिकियाने प्लेटलेट्स उतरतात. ही शस्त्रक्रिया मोठ्या शिरांच्या जाळ्याला खेटून होते. आकडा कमी आला तर काचपट्टीवर हाताने मोजून खात्री करावी, गोचिडीच्या आजाराची चाचणी करावी, आणि कुत्रा लुळा पडत नसेल तर आधी तो आजार आटोक्यात आणावा. डॉबरमनमध्ये रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असतो, म्हणून हिरडीवर रक्तस्रावाची वेळ पाहून घ्यावी. रक्तगट किंवा क्रॉसमॅच करून एक रक्तदाता कुत्रा तयार ठेवावा.

भुलीच्या वेळी तोंडातून नळी घालताना मान मागे ताणू नये. नळी तारेची, न चेपणारी घ्यावी, कारण पुढे श्वासनलिका तासभर बाजूला ओढून धरायची असते आणि साधी नळी तिथे दुमडते. अन्ननलिकेतही एक मऊ नळी घालून ठेवावी, म्हणजे आत बोटाला ती चटकन ओळखू येते. सेफाझोलिन किलोला २२ मिलिग्रॅम शिरेतून, छेद देण्याआधी अर्धा तास आणि नंतर दर ९० मिनिटांनी. श्वासातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ आणि सरासरी रक्तदाब ७० मिमीच्या वर राहील असं पाहावं. दबलेल्या रज्जूला कमी रक्तदाब सोसत नाही. व्हेगस मज्जातंतू ताणला गेला की नाडी एकदम मंदावते. अशा वेळी आधी ताण सैल करावा. नाडी त्याने सुधारली नाही, तर ॲट्रोपिन किलोला ०.०२ ते ०.०४ मिलिग्रॅम.

टेबलावर मांडणी

अर्धं यश इथे ठरतं. कुत्रा उताणा. मानेखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे मान माफक मागे जाते आणि डिस्कच्या जागा किंचित उघडतात. पुढचे पाय मागे ओढून बांधायचे. वरच्या जबड्यावरून चिकटपट्टी घेऊन डोकं टेबलाला पक्कं करायचं. मग डोक्याच्या टोकाला उभं राहून पाहायचं : नाक, गळ्याची घाटी आणि छातीच्या हाडाचं टोक एका सरळ रेषेत हवेत. मान ५ अंशांनी जरी फिरली असेल, तरी मधोमध कोरतोय असं वाटत असताना ड्रिल बाजूच्या शिरेत शिरतं. ड्रेप टाकल्यावर ही चूक दिसत नाही, म्हणून आधीच दोन माणसांनी तपासावी.

उताण्या कुत्र्यात वर-खाली या शब्दांचा गोंधळ होतो. मदतनिसाशी बोलताना ‘गळ्याकडे’ आणि ‘पाठीकडे’ असेच शब्द वापरावेत. या लेखातही तसंच केलं आहे.

मणक्यापर्यंतची वाट

छेद मध्यरेषेत, स्वरयंत्रापासून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत. त्याखालचे जोडीचे पट्टीसारखे स्नायू मधोमध बोथट कात्रीने वेगळे करायचे. मध्यरेषेजवळची थायरॉइडची शीर आड आली तर बांधून टाकावी. समोर श्वासनलिका येते. अन्ननलिका तिच्या डावीकडे असते, म्हणून आपण उजव्या बाजूने आत जातो. श्वासनलिका, अन्ननलिका आणि डाव्या बाजूचं कॅरॉटिडचं आवरण डावीकडे, उजव्या बाजूचं आवरण उजवीकडे. या आवरणात धमनीबरोबर व्हेगस आणि सिम्पथेटिक मज्जातंतू असतात, तर स्वरयंत्राकडे परत जाणारा बारीक मज्जातंतू श्वासनलिकेला चिकटून जातो. हे सगळं ओल्या गॉझखाली ठेवावं. जखम उघडी धरणारे गेल्पी रिट्रॅक्टर बोथट टोकांचे घ्यावेत, आणि मदतनिसाने दर १०-१५ मिनिटांनी ताण क्षणभर सैल करावा.

आता मणके मोजायचे. बोटाने सहाव्या मणक्याचे मोठे, पसरट आडवे फाटे शोधा. ते बाकी मणक्यांपेक्षा ठळक लागतात आणि त्यांच्या पुढच्या कडेच्या पातळीला मध्यरेषेत सी ५-६ डिस्क असते. डोक्याच्या बाजूने पहिल्या मणक्याचा टोकदार उंचवटा लागतो. दोन्हीकडून मोजणी जुळली पाहिजे. एवढ्यावर समाधान न मानता डिस्कमध्ये एक सुई टोचून एक्स-रे किंवा सी-आर्मखाली खात्री करावी. चुकीच्या जागी कोरलेली खाच कुत्र्याला काहीच देत नाही, आणि चांगला मणका मात्र कमजोर करते.

डिस्कच्या दोन्ही अंगांचे लाँगस कोली स्नायू उंचवट्यापासून सोडवून बाजूला करायचे. मणक्याच्या मागच्या टोकाचा मधला उंचवटा हाडकातरीने छाटायचा, की कडं उघडं पडतं.

खाच : किती रुंद, किती लांब, कुठे

खाचेची रुंदी मणक्याच्या बॉडीच्या (मुख्य जाड भागाच्या) एकतृतीयांश. निम्म्याच्या पुढे कधीच नाही. बॉडी १२ मिमी रुंद असेल तर खाच ४ मिमी, फार तर ६. लांबी प्रत्येक मणक्याच्या एकतृतीयांशापेक्षा कमी. शिकाऊ सर्जनला ही जागा अपुरी वाटते आणि नीट दिसावं म्हणून तो रुंदी वाढवतो. तिथेच दोन संकटं ओढवतात. नळीच्या तळाशी दोन्ही कडांनी शिरांचे मोठे प्रवाह असतात, रुंद खाच थेट त्यांत उतरते. आणि दोन्ही मणक्यांतला आधार जाऊन मणका सरकतो. लांबीत थोडी सवलत परवडते, रुंदीत नाही.

दुसरी बाब डिस्कच्या तिरपेपणाची. गळ्याकडून पाठीकडे जाताना डिस्क डोक्याच्या दिशेला झुकते. कड्याच्या बरोबर मध्यावर सरळ खाली कोरत गेलात, तर नळीपाशी पोचेपर्यंत डिस्क निसटलेली असते. म्हणून खाच थोडी डोक्याकडे सरकवून, पुढच्या मणक्याच्या मागच्या टोकात जास्त, अशी आखायची.

आधी ११ नंबरच्या पात्याने गळ्याकडचं कडं चौकोनी कापून काढावं. मग ३ ते ४ मिमीचा गोल बर (ड्रिलचं कोरणारं टोक). ड्रिल चालू असताना मदतनिसाने सलाइनची धार सोडत राहायचं, नाही तर उष्णतेने हाड आणि रज्जू दोन्ही भाजतात. पहिला थर पांढरा आणि कठीण. मग लालसर, सच्छिद्र, रक्त झिरपणारं हाड येतं, तिथे बोन वॅक्स लावत पुढे जावं. पुन्हा पांढरेपणा दिसू लागला की आतला कठीण थर आला. इथून बर २ मिमीचा, दाब शून्य, केवळ स्पर्श. सरळ खाली न दाबता, हलक्या हाताने पुसल्यासारखं काम करावं. थर कागदाइतका पातळ झाला की ड्रिल ठेवून द्यावं आणि उरलेलं हाड बारीक क्युरेट किंवा १ मिमीच्या केरिसन पंचने उचलावं. दोन्हीकडच्या कडा एकसारख्या उतरत आहेत का, ते मध्येमध्ये थांबून पाहावं. एक बाजू आधी उघडली, की सर्जन नकळत त्याच बाजूला झुकतो.

यानंतर पाठीकडचं कडं आणि लांब अस्थिबंधन उरतं. ते बारीक हुकने उचलून, रज्जूपासून दूर ओढून धरून मगच कापावं. पुष्कळदा ते आधीच फाटलेलं असतं आणि फटीतून गर डोकावत असतो. तो हाताला ओल्या खडूच्या चुऱ्यासारखा लागतो. बोथट गोल टोकाच्या प्रोबने खाचेच्या चारही दिशांना रज्जूखाली फिरून तो स्वतःकडे ओढून काढायचा. रज्जूवर दाब देणारी एकही हालचाल नको. काम संपल्याची खूण : आधी दबलेलं आवरण खाचेत भरून येतं, निळसर-पांढरं दिसतं आणि श्वासाबरोबर हलकंसं हलतं. एमआरआयमध्ये जेवढा गर दिसत होता त्याच्या मानाने हाती फारच थोडा आला असेल, तर थांबू नका, मागे-पुढे पुन्हा शोधा. शस्त्रक्रियेनंतर दुखणं न थांबण्याचं नेहमीचं कारण आत राहिलेला तुकडा हेच असतं.

गर एका बाजूला, मज्जामुळाच्या छिद्रात अडकला असेल, तर या मधल्या खाचेतून तो हाती लागत नाही. तिथे बाजूने किंवा पाठीकडून मणक्याची कमान उघडावी लागते. डॉबरमनसारख्या मोठ्या कुत्र्यांच्या मानेच्या अस्थिरतेत नुसती खाच पुष्कळदा पुरत नाही, मणके ताणून प्लेट-स्क्रूने बसवावे लागतात. ती शस्त्रक्रिया वेगळी आहे, इथे तिच्यात शिरत नाही.

शीर फुटली तर

गडद रक्त एकदम खाचेत भरतं आणि काही दिसेनासं होतं. ड्रिल आणि टोकदार हत्यार लगेच बाहेर. जिलेटिन स्पंजचे छोटे तुकडे ठेवून वर ओला कापूस आणि बोटाचा हलका दाब, घड्याळ लावून ५ मिनिटं. जोराने सक्शन लावू नये, त्याने गुठळी निघते आणि शिरेचं भोक मोठं होतं. आंधळेपणाने चिमटे किंवा कॉटरी तर नकोच. भूलतज्ज्ञाला लगेच सांगावं आणि द्रव वाढवावेत. बहुतेक वेळा रक्त थांबतं. परत परत सुरू होत असेल, तर स्पंज तसाच ठेवून जेवढं जमलं तेवढ्यावर थांबण्याची तयारी ठेवावी. स्पंज भरपूर कोंबून ठेवला तर तोच रज्जू दाबतो, म्हणून शेवटी पातळ थर राहील एवढाच ठेवावा.

बाकीच्या डिस्क आणि शिवण

इतर डिस्कचा गर आधीच कोरून काढणं, म्हणजे फेनेस्ट्रेशन, सुकणाऱ्या जातींत सी २-३ ते सी ६-७ पर्यंत त्याच छेदातून करता येतं. गळ्याकडच्या कड्यात छोटी खिडकी कापून गर बारीक हुकने काढायचा. हुक किती आत जातोय यावर बोटाने अटकाव ठेवायचा, नाही तर सुकलेला गर आपणच नळीत ढकलतो. नळीत आधीच आलेला गर मात्र फेनेस्ट्रेशनने निघत नाही. म्हणून स्लॉट न करता एवढंच करून दुखणं थांबेल अशी आशा ठेवू नये.

कोमट सलाइनने धुऊन लाँगस कोली जवळ आणावेत आणि पट्टीसारखे स्नायू शोषल्या जाणाऱ्या ३-० धाग्याने शिवावेत. मग त्वचेखालचा थर आणि त्वचा. रिट्रॅक्टर काढताना श्वासनलिका आणि अन्ननलिका जागेवर आल्या आहेत आणि कुठेही भोक नाही, हे डोळ्यांनी पाहावं.

पहिले ४८ तास

नळी काढण्यापूर्वी कुत्रा स्वतः खोल श्वास घेतोय ना ते पाहा. श्वासपटलाचा मज्जातंतू मानेच्या सी ५ ते सी ७ मधून निघतो, त्यामुळे गंभीर दुखापतीत छातीची हालचाल उथळ होते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६०च्या वर जात असेल तर कुत्र्याला व्हेंटिलेटर लागतो. फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत नळी शक्य तितकी उशिरा काढावी, पुन्हा घालायची तयारी शेजारी ठेवावी.

पहिले एक-दोन दिवस ओपिऑइड (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक) शिरेतून, मग सूज उतरवणारं औषध ७ ते १० दिवस आणि गॅबापेंटिन. आधी चालत आलेला लहान जातीचा कुत्रा पुष्कळदा १ ते ३ दिवसांत मान वळवायला लागतो. वाटीत तोंड खाली घालून त्याने खाल्लं, की दाब सुटल्याची ती चांगली खूण. थोडा अडखळणारा कुत्रा दोन-चार दिवस जास्त अडखळला तर घाबरू नये. पण शस्त्रक्रियेनंतर सुधारून पुन्हा वेगाने खालावला, तर गुठळी, मणका सरकणं किंवा राहिलेला गर यांचा संशय घेऊन लगेच स्कॅन.

लुळ्या कुत्र्याची खरी शुश्रूषा इथून सुरू होते. दर ४ तासांनी कूस बदलावी, खाली जाड मऊ गादी आणि कोरडी चादर. कोपर, खांदा आणि कमरेची हाडं रोज पाहावीत. लाल डाग दिसला तर त्याच दिवशी उपाय. मूत्राशय दर ६ ते ८ तासांनी हाताने रिकामं करावं. खाऊ घालताना त्याला छातीवर बसतं करून, दोन्ही बाजूंनी टेकू देऊन, छोटे घास द्यावेत. आडवा ठेवून पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जातं, आणि शस्त्रक्रिया नीट होऊनही कुत्रा न्यूमोनियाने जातो. ताप, खोकला, श्वास वाढणं दिसलं तर छातीचा एक्स-रे. पाय चिमटल्यावर वेदना जाणवत असलेले लुळे कुत्रेही बहुसंख्येने पुन्हा चालतात, मात्र त्यांना कित्येक आठवडे द्यावे लागतात.

घरी आल्यावर

४ ते ६ आठवडे पिंजरा किंवा कठडा लावलेला कोपरा. गळपट्टा कायमचा बंद, यापुढे छातीचा हार्नेसच. वाटी छातीच्या उंचीवर. आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर अशक्त पाय पसरतात आणि मानेला झटका बसतो. कुत्रा जिथे उभा राहतो तिथे रबरी चटई किंवा न सरकणारी सतरंजी टाका. जिना, दिवाण, गाडीतून उडी सगळं बंद. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली आणि पाठ आडवी.

जखमेखाली मऊ फुगवटा आला तर बहुधा पाणी साचलेलं असतं, ते आपोआप जिरतं. गरम, लाल किंवा पू येणारी जागा मात्र लगेच दाखवावी. टाके १० ते १४ दिवसांनी. भुंकण्याचा आवाज घोगरा झाला असेल तर स्वरयंत्राचा मज्जातंतू ताणला गेलेला असतो. एका डोळ्याची बाहुली लहान आणि पापणी उतरलेली दिसली, तर सिम्पथेटिक मज्जातंतू. दोन्ही बहुधा काही आठवड्यांत सुधारतात, पण डॉक्टरांना कळवा. घोगऱ्या आवाजाबरोबर श्वासाला घरघर असेल तर थांबू नका.

लुळ्या कुत्र्याचे चारही पाय दिवसातून ३ वेळा, प्रत्येक सांधा १० ते १५ वेळा, सावकाश दुमडून उघडावा. टाके निघाल्यावर पोटाखाली टॉवेलचा झोला घेऊन दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं उभं करावं, आणि फिजिओथेरपिस्ट असेल तिथे पाण्यातला ट्रेडमिल. वजन वाढू देऊ नका. पिंजऱ्यातल्या कुत्र्याला नेहमीपेक्षा कमी अन्न लागतं.

काही महिन्यांनी दुखणं परत आलं, तर पुन्हा तीच डिस्क असं गृहीत धरू नका. या जातींत शेजारची दुसरी डिस्क फुटलेली असू शकते, किंवा आधीच्या जागी मणका खचून मज्जामूळ दबलेलं असू शकतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून जुना एमआरआय बरोबर घेऊन नवा काढावा लागतो. पहिल्या शस्त्रक्रियेच्या फाइलमध्ये कोणत्या जागी खाच केली, कोणत्या डिस्क फेनेस्ट्रेट केल्या आणि किती गर निघाला, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ती फाइल जपून ठेवा.